‘हायपोप्लास्टिक’ म्हणजे आजार नव्हे

एमआरआय रिपोर्टचा फोटो आणि त्यात पेनाने तीन वेळा अधोरेखित केलेला एकच शब्द, अशी पत्रे थांबायचे नाव घेत नाहीत. म्हणून आज सगळ्यांना एकदमच उत्तरे.

वय ५८. चक्कर येते म्हणून एमआरआय केला. उजवी व्हर्टिब्रल नस ‘हायपोप्लास्टिक’ निघाली. नस सुकत चालली आहे का? (म्हापसा)

नाही. ‘हायपोप्लास्टिक’ म्हणजे जन्मापासूनच बारीक. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे चढणाऱ्या या दोन नसा एका मापाच्या क्वचितच असतात. पुष्कळांत डावी थोराड असते. चक्कर बरेचदा कानातून येते, तेव्हा कान दाखवा. पण चक्करेसोबत एकाचे दोन दिसले, जीभ जड झाली किंवा चालताना तोल गेला, तर दुसरा दिवस उजाडायची वाट पाहू नका.

अशी नस रुंद करण्यासाठी एकाने सलाइनचा कोर्स सुचवला आहे. घ्यावा का? (डिचोली)

नाही. जन्मजात बारीक नस सलाइनने रुंद होत नाही.

आईला गेल्या वर्षी स्ट्रोक झाला. रिपोर्टात ‘फीटल पीसीए’ लिहिले आहे. गर्भातली नस सत्तरीच्या बाईच्या डोक्यात कशी? (फोंडा)

प्रश्न आवडला. पीसीए म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी नस. गर्भात मेंदूच्या मागच्या भागाला रक्त मिळते ते पुढच्या कॅरोटिड नसेतून. पुढे बहुतेकांत हे काम मागून येणारी बॅसिलर नस आपल्याकडे घेते. काहींत ती वाटणी होतच नाही. तुमच्या आईंचे तसे झाले. एरवी याचा काही त्रास नाही. मात्र मानेतल्या कॅरोटिडमध्ये चरबीचा थर साचला, तर तिथून सुटलेली गुठळी मागे, दृष्टीच्या भागातही जाऊन अडकू शकते. ही ठेवण ठाऊक नसेल तर उगम भलतीकडेच शोधला जातो. मानेची डॉपलर (नसांची सोनोग्राफी) सांगितली असेल तर टाळू नका, आणि हा रिपोर्ट फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.

चवथीच्या सकाळी गणपतीवर फळांची माटोळी बांधताना यजमानांचा उजवा हात गळाला, शब्द फुटेना. वीस मिनिटांत सारे ठीक झाले. विसर्जन आटोपून पाचव्या दिवशी तपासणी केली. ‘सर्कल ऑफ विलिस अपूर्ण’ असे आले. जन्मजात दोष, म्हणजे आता इलाज नाही ना? (पेडणे)

मेंदूच्या तळाशी नसांचे एक कडे असते. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टराने १६६४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव. पुस्तकात छापलेले पुरे कडे निम्म्याहून कमी माणसांत सापडते. तेव्हा ‘अपूर्ण’ हा शब्द आधी विसरा.

१९८६ साली मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी-बेती फेरीबोटीचे मोल सगळ्यांना कळले. कड्यातल्या जोडनसांचे तसेच आहे. मोठी नस अडली की त्या धावून येतात. बारीक असल्या तर कमी पडतात आणि नुकसान वाढते. पण पूल काही फेरीबोटीमुळे पडत नाही. तो पाडतात बीपी, मधुमेह, तंबाखू आणि हृदयाचे अनियमित ठोके. त्या सगळ्यांवर इलाज आहे.

आता तुम्हाला न आवडणारे बोलतो. वीस मिनिटांत सुधारलेला हात म्हणजे बरे होणे नव्हे, तो इशारा होता. अशा झटक्यानंतर मोठ्या स्ट्रोकचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, आणि तुम्ही पाच दिवस घालवलेत. गणपतीने समजून घेतले असते. हात गळणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे यांतले काहीही दिसले की त्याच क्षणी १०८. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यात पेडण्याहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा रस्ता, सीटी स्कॅन, रक्ततपासणी सगळे बसवायचे असते. काही निवडक रुग्णांत गुठळी नळीने चोवीस तासांपर्यंत काढता येते. जोडनसा चांगल्या असतील तर तेवढी सवड मिळते, पण त्या कशा आहेत हे घरात बसून कुणाला कळणार? लक्षण सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून आणा. दर वेळी तेच विचारतो, आणि दर वेळी घरातले एकमेकांकडे बघतात.

यजमानांचा ईसीजी आणि मानेच्या नसांची तपासणी झाली नसेल, तर उद्याच न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

स्ट्रोकमध्ये बोटांना सुई टोचून रक्त काढले तर माणूस वाचतो का? (काणकोण)

नाही. अ‍ॅस्पिरिनही घरी देऊ नका: आत रक्तस्राव असेल तर गोळीने घात होईल, आणि तो आहे की नाही हे स्कॅनशिवाय समजत नाही. पाणीसुद्धा पाजू नका; गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते.

शिबिरात चाळिशीपुढच्या सर्वांना मेंदूची अँजिओग्राफी सवलतीत मिळते. आठवडाभरच आहे. करावी का? (मडगाव)

सवलत संपू द्या. अशा तपासणीत हमखास सापडते ती एखादी निरुपद्रवी बारीक नस, मग त्या भीतीपायी पुढच्या चार तपासण्या. घरातल्या दोघा जवळच्या नातलगांना मेंदूतल्या नसेचा फुगा असेल, किंवा तुम्हाला मूत्रपिंडात अनेक गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा शिबिरात नव्हे, तज्ज्ञाशी बोलून ठरवा.

माझी नस बारीक निघाली. मुलांच्याही तपासून घेऊ का? (वाळपई)

नको. पत्रात वय लिहिलेत, वजन लिहिलेत, बिडी ओढता हेही लिहिलेत. बीपी मात्र लिहिलेले नाही. ते आज मोजा आणि आकडा घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा.