विटांचा छोटा कट्टा घरीच बांधतोय, सिमेंटचा माल कसा कालवू?

1 घमेलं सिमेंटला 6 घमेली चाळलेली वाळू घ्या. चार इंची भिंत असेल तर 4च. आधी कोरडंच कालवा, रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत. मग मध्ये आळं करून पाणी थोडं थोडं घाला. घाईत सगळे इथेच चुकतात. पातळ माल लावायला सोपा वाटतो, पण वीट खाली बसते आणि ताकदही जाते. थापीने माल कापून बघा: कड उभी राहिली तर जमलं, ओघळली तर पाणी जास्त झालं.

एका वेळी तासाभरात संपेल एवढाच कालवा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नका, टाकून द्या. विटा आधी भिजवा, नाहीतर त्याच मालातलं पाणी पितील. नंतर निदान 7 दिवस पाणी मारा.