विमा आहेच, बँक दरवर्षी कापते

प्रश्न : सांगलीत मारुती रोडच्या मागे आमचं किराणा दुकान आहे. २०१९ च्या पुरात सगळा माल गेला, २०२१ ला पुन्हा पाणी शिरलं. म्हणून यंदा यजमानांनी पुरासाठी वेगळा निधी उभा करायचं ठरवलं. बँकेतल्या साहेबांनी आयुर्विम्याची गॅरंटीड योजना दिली : वर्षाला १ लाख, १० वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षाअखेर साडेसतरा लाख. पहिला हप्ता गेला, पॉलिसी येऊन १८ दिवस झाले. पुढचे हप्ते आगाऊ भरले तर सूट आहे म्हणतात, भरावेत का? दुकानाच्या विम्याची काळजी नाही. विमा आहेच, सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज) खात्यातून बँक दरवर्षी कापते. सीसी ८ लाखांची, माल साधारण २४ लाखांचा. त्यातला १५ लाखांचा गेल्या वर्षी भाड्याने घेतलेल्या गोडाऊनमध्ये आहे. गल्लीतलं मंडळ होडीसाठी ५ हजार मागतंय, ते द्यावेत का?

उत्तर : ताई, हप्त्यांचं नंतर बघू. ‘विमा आहेच’ हे तुमचं वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं, चहा घेतला आणि मग पुन्हा वाचलं.

बँक विमा उतरवते तो आधी स्वतःच्या पैशांसाठी. कर्ज ८ लाखांचं, म्हणून विमाही बहुधा ८ लाखांचाच असणार. आता दोन प्रश्न. पॉलिसीवर पत्ता कोणता आहे? गोडाऊन गेल्या वर्षी घेतलंत. ते बँकेला लेखी कळवलं होतं का? गोडाऊनचा पत्ता पॉलिसीवर नसेल, तर तिथल्या १५ लाखांच्या मालाला या विम्यातून शून्य रुपये मिळतील. शून्य म्हणजे शून्यच, तिथे साहेबांची ओळख चालत नाही.

समजा, गोडाऊनचा पत्ता पॉलिसीवर आहे. तरी २४ लाखांच्या मालाला ८ लाखांचा विमा म्हणजे एक तृतीयांश. विमा कंपनी भरपाईही त्याच हिशेबाने देते. पुरात १२ लाखांचा माल गेला तर तुम्हाला वाटेल, ८ तरी मिळतील. मिळतील ४, आणि तेही आधी सीसी खात्यात वळते होतील. फर्निचर, फ्रीज, वजनकाटा, कॉम्प्युटर हे सगळं बहुतेक वेळा या विम्याच्या बाहेर असतं, कारण बँकेकडे तारण असतो तो माल.

बँकेत जाऊन पॉलिसीची पूर्ण प्रत मागा. खात्यातून पैसे कापल्याची नोंद दाखवतील, ती नको. मग दुकान आणि गोडाऊन दोन्ही पत्त्यांवर, सगळ्या मालासकट आणि फर्निचरसकट ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ घ्या. एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी आहे. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला चालते, पूर त्यात धरलेलाच असतो, आणि विम्याची रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी भरपाईला कात्री लागत नाही. दिवाळीआधी माल वाढतो तेव्हाचा आकडा धरा. हप्ता माझ्या अंदाजाने दहा हजारांच्या आत बसेल. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ वेगळी घ्या, ती याहून स्वस्त पडते. घराचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप संरक्षण मिळतं. दागिने त्यात नसतात, ते वेगळे सांगावे लागतात.

दागिन्यांसाठी लॉकर घ्याल, तर शाखा कुठे आहे ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग किंवा चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत, पण बँकेची चूक नसताना पुराने नुकसान झालं तर जबाबदारी नाही. नदीजवळच्या गावभागातल्या तळमजल्याच्या लॉकरपेक्षा मिरजेतला बरा.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. २०१९ ला माझ्याकडच्या एका दुकानदाराने पाणी उतरल्यावर वास सहन होईना म्हणून भिजलेली पोती ट्रॅक्टरमध्ये भरून दिली. साखरेचा पाक झाला होता, कडधान्यांना कोंब आले होते, माणूस तरी काय करणार? नुकसान तपासणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर चौथ्या दिवशी आला, तेव्हा दुकान धुऊन लख्ख. माल होता हे दाखवायला ना पोती, ना वह्या, वह्याही भिजलेल्या. निम्मा क्लेम गेला. म्हणून पाणी उतरताच आधी कंपनीला कळवा, फोटो-व्हिडिओ काढा, आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत किंवा लेखी परवानगी येईपर्यंत एक पोतंही फेकू नका. खरेदीची बिलं आणि महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट फोनवर आणि मुलीच्या ईमेलवर असू द्या.

आता तुमचा निधी. दहा लाख भरून पंधराव्या वर्षी साडेसतरा म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आतबाहेर परतावा. तोही सोडा. कृष्णा पंधरा वर्षं थांबणार आहे का? तिसऱ्या वर्षी पाणी आलं आणि पॉलिसी मोडायला गेलात, तर भरले त्यापेक्षा कमी हातात येतील. पूरनिधी म्हणून अडकून पडणारी योजना विकणाऱ्याला काय म्हणावं, ते छापता येणार नाही. आगाऊ हप्ते अजिबात भरू नका. उलट, पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात. तुमचे १२ दिवस उरले आहेत. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ‘साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असं ऐकू आलं, तर विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा.

खरा निधी किती लागेल? घरखर्च ३५ हजार, दुकानाचं भाडं, पगार आणि व्याज मिळून २५ हजार धरते. चार महिन्यांचे २ लाख ४० हजार, साफसफाई आणि पुन्हा माल भरायला आणखी लाखभर. जवळपास साडेतीन लाख झाले. त्यातले २५ हजार रोख तुमच्या माहेरी किंवा बहिणीकडे ठेवा, कारण वीज गेली की एटीएमही बंद आणि यूपीआयही. लाखभर बचत खात्यात, उरलेले लिक्विड फंडात (एक-दोन दिवसांत पैसे काढता येतील असा म्युच्युअल फंड) किंवा केव्हाही मोडता येईल अशा एफडीत. परत आलेल्या लाखापासून सुरुवात होईल. सरकारी मदतीवर गणित मांडू नका. २०२१ ला तातडीची मदत कुटुंबामागे १० हजार होती.

त्याहून स्वस्त तयारी म्हणजे माल वेळेत हलवणं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. त्या वेळी टेम्पो शोधायला निघालात, तर सगळं सांगली टेम्पोच शोधत असतं. ३५ फुटांना माल उचलायला सुरुवात करा. मिरजेकडे वरच्या मजल्यावरची खोली जुलै ते सप्टेंबर ८ हजारांनी घेतली तर २४ हजार, टेम्पोच्या सहा फेऱ्या १२ हजार. ३६ हजारांत १५ लाखांचा माल कोरडा राहतो. साखर, डाळी, तेल आधी. सीलबंद बाटल्या राहिल्या तरी चालतील.

होडीचे ५ हजार द्या, पण आधी मंडळाला विचारा : चालवणार कोण, किती माणसं बसवणार, लाईफ जॅकेट किती? ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला होडी होती, माणसं तिच्यात मावत नव्हती, ती उलटली. जॅकेटांसाठी वर्गणी मागत असतील, तर होडीची आणि जॅकेटांची मिळून १० हजार द्या.