प्रश्न तुमचे: डायनो हॉर्सपॉवर मोजतच नाही

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीच्या ब्रोशरवर 120 पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) छापलेत. हौसेने डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद तपासायच्या यंत्रावर, चढवली, तर कागदावर 99 आले. कंपनी फसवतेय की डायनोवाला?

बहुतेक दोघंही खरं बोलताहेत. कंपनीचा आकडा इंजिनचा आहे. इंजिन गाडीतून वेगळं काढून टेस्ट बेंचवर बसवतात आणि थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, मोजतात. तुमचा आकडा चाकांचा. मधे गिअरबॉक्स आहे, डिफरन्शियल आहे, बेअरिंग्ज आहेत आणि रोलरवर दबून पसरणारे टायर आहेत. प्रत्येक जण आपला वाटा खातो, त्याची उष्णता होते. हा वाटा ‘सरसकट 15 टक्के’ धरायची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. तो गाडीगणिक बदलतो, तेलाच्या तापमानाने बदलतो, अगदी टायरमधल्या हवेनेही बदलतो.

पण तुमच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न असा, की यंत्र नेमकं काय मोजतं? माझी बरीचशी नोकरी टेस्ट सेलच्या, म्हणजे इंजिन तपासायच्या खोलीच्या, काचेमागे गेली, त्यामुळे इथे थोडं रेंगाळतो.

डायनो हॉर्सपॉवर मोजत नाही. तो दाब मोजतो आणि फेरे मोजतो, बाकी गणित. 1821 साली फ्रेंच इंजिनिअर गास्पार द प्रोनी यांनी फिरत्या शाफ्टला लाकडी ठोकळ्यांनी आवळलं. शाफ्ट ठोकळ्यांना आपल्याबरोबर फिरवू पाहतो. त्यांना जोडलेल्या लांब दांड्यावर वजनं टांगून ते फिरणं अडवायचं. वजन गुणिले दांड्याची लांबी, की टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळाला. आज ठोकळ्यांच्या जागी एडी करंट ब्रेक असतो. चुंबकीय क्षेत्रात धातूची चकती फिरते, तिच्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते चकतीला मागे ओढतात. ब्रेकचा बाहेरचा भाग मोकळा टांगलेला असतो. तोही फिरू पाहतो, पण त्याच्या आर्मखाली लोड सेल, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, बसवलेला असतो. स्क्रीनवरचा टॉर्क तो हा.

समजा आर्म अर्ध्या मीटरचा आणि लोड सेलवर 300 न्यूटन. म्हणजे टॉर्क 150 न्यूटन-मीटर. इंजिन 4000 आरपीएमवर (मिनिटाला 4000 फेरे) असेल तर 150 गुणिले 4000 भागिले 9549 (किलोवॅटमध्ये उत्तर आणणारा ठरलेला आकडा), म्हणजे सुमारे 62.8 किलोवॅट, पीएसमध्ये 85 च्या जरा वर. एवढंच आहे. आमच्याकडे सकाळचं पहिलं काम ठरलेलं असायचं. मीटरभराच्या आर्मला तपासलेलं 20 किलोचं वजन टांगायचं; स्क्रीनवर 196 न्यूटन-मीटर दिसले नाहीत, तर इंजिन सुरूच करायचं नाही.

तुमचा कागद मात्र दुसऱ्या जातीच्या यंत्राचा असू शकतो. ट्यूनिंगवाल्यांकडे बऱ्याचदा इनर्शिया डायनो असतो. त्यात ब्रेक नाही, लोड सेल नाही. आहे तो एक जडशीळ रोलर, फेरे मोजणारा सेन्सर आणि घड्याळ. रोलरचं जडत्व आधीच माहीत असतं. तुमच्या गाडीने त्याचा वेग किती वेळात वाढवला, त्यावरून सगळं काढतात. रोलर 1000 किलोच्या गाडीइतका जड वाटेल असा धरा. तो सेकंदाला 20 मीटरवरून 30 मीटरवर न्यायला अडीच लाख ज्यूल लागतात. पाच सेकंदांत नेला तर सरासरी 50 किलोवॅट, म्हणजे 68 पीएस. कल्पना सुंदर आहे, पण गोम अशी, की त्याच पाच सेकंदांत इंजिनला स्वतःचं फ्लायव्हील, गिअर आणि चाकंही पळवावी लागतात. ती ताकद रोलरला दिसत नाही. खालच्या गिअरमध्ये वेग झपाट्याने चढतो, म्हणून हा छुपा खर्च वाढतो आणि आकडा आणखी घटतो. टर्बो गाडीचं दुखणं वेगळं: रोलर हलका पडला, तर बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब) पुरता चढायच्या आत रन, म्हणजे डायनोवरची एक धाव, संपलेली असते.

प्रश्न : चौथ्या गिअरऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये रन घेतली तर चाकांवर टॉर्क जास्त मिळतो. मग कागदावर तो वाढलेला का दिसत नाही?

कारण सॉफ्टवेअर तो परत भागून टाकतं. इंजिनचे 150 न्यूटन-मीटर आणि इंजिन ते चाक एकूण गुणोत्तर चार असेल, तर चाकांवर 600 न्यूटन-मीटर पोचतात (घट सोडून देऊ). पण 4000 आरपीएमचे चाकांवर 1000 होतात. 600 गुणिले 1000 करा किंवा 150 गुणिले 4000, उत्तर तेच. गिअर टॉर्क वाढवतो, पॉवर नाही. म्हणूनच डायनोवाला इंजिनच्या आरपीएमची वायर जोडायचा हट्ट धरतो. ती नसेल तर टॉर्कच्या रेषेवर मी विश्वास ठेवणार नाही, पॉवरच्या रेषेवर ठेवीन.

प्रश्न : टॉर्क आणि हॉर्सपॉवरच्या रेषा 5252 आरपीएमलाच छेदतात असं ऐकलं. माझ्या आलेखात तसं नाही. आलेख खोटा?

नाही. 5252 हा पाउंड-फूट आणि ब्रिटिश हॉर्सपॉवरचा हिशेब आहे. न्यूटन-मीटर आणि पीएस असतील, तर छेद 7020 च्या आसपास येतो, आणि बरीच डिझेल इंजिनं तिथवर जातच नाहीत. शिवाय दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वेगवेगळ्या मापाच्या असतील, तर रेषा कुठेही छेदू शकतात.

प्रश्न : रिमॅप करायचा आहे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग्ज बदलायची आहेत. आधीची आणि नंतरची रन घेताना काय बघू?

डायनो तोच, गिअर तोच, टायरमधली हवा तेवढीच. गाडी बांधायचे पट्टे दोन्ही वेळा सारखेच ताणलेले हवेत. जास्त आवळले की टायर रोलरवर जास्त दबतो आणि आकडा पडतो. समोरचा पंखाही तोच आणि तिथेच असू द्या.

मग कागदाच्या कोपऱ्यात बघा, करेक्शन कोणतं लावलंय. गरम किंवा विरळ हवेत इंजिनला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून आकडा ठरावीक हवेवर आणून लिहितात. पण ती ठरावीक हवा एकच नाही. एसएई जे1349 या अमेरिकी मानकात 25 अंश आणि 990 मिलिबार, डीआयएन 70020 या जुन्या जर्मन मानकात 20 अंश आणि 1013 मिलिबार. आधीची रन पहिल्यावर आणि नंतरची दुसऱ्यावर छापली, तर गाडीला हातही न लावता तीनेक टक्के ‘वाढ’ मिळते. टर्बो गाडीला तर हे करेक्शन अनेकदा फाजील ठरतं, कारण विरळ हवेची भरपाई टर्बोने बरीचशी आधीच केलेली असते. म्हणून करेक्शन न लावलेला आकडा, हवेचं तापमान आणि दाब, हे तिन्ही दोन्ही वेळा लिहून मागा. देत नसतील तर दुसरीकडे जा.