वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातले नायलॉन आणि मशीनवरचा माल बदलताना

प्रश्न : अंबड एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर (प्लास्टिक वितळवून साच्यात दाबणारे) नायलॉन ६ च्या क्लिपा काढतो. रनरसकट (साच्यातल्या वाटेत गोठलेल्या मालासकट) शॉट, म्हणजे एका वेळी साच्यात जाणारा माल, ७० ग्रॅम, सायकल ३० सेकंद, हॉपर ड्रायर (मशीनवरची दाणा वाळवणारी टाकी) २५ किलोचा, ८० अंशांवर. पाऊस सुरू झाल्यापासून क्लिपांवर चंदेरी रेघा येतात. बॅरलचे (माल वितळवणाऱ्या नळीचे) टेंपरेचर कमी केले, फरक नाही. (एक वाचक, सिडको)

उत्तर : टेंपरेचर होते तिथे परत न्या. आधी इंजेक्शन युनिट (बॅरल आणि तिच्या टोकाचे नोझल) साच्यापासून मागे घेऊन थोडा माल बाहेर सोडा. धार फसफसत, बुडबुड्यांसह आली तर मालात पाणी आहे. धार सलग, गुळगुळीत असेल तर इंजेक्शन स्पीड उतरवून बघा. सकबॅकही (बॅरलमधला स्क्रू थोडा मागे ओढणे) तपासा. तो जास्त असला की नोझलमधून हवा ओढली जाते. ३ ते ५ मिमी पुरतो.

तुमच्या आकड्यांवरून मात्र पाण्याचीच शंका जास्त. तासाला १२० शॉट, म्हणजे ८.४ किलो माल. २५ किलोच्या हॉपरमध्ये दाणा तीन तासही टिकत नाही आणि नायलॉनला ८० अंशांवर निदान चार तास हवेत, ओलसर गोणीला त्याहून जास्त. ओलावा ०.२ टक्क्यांखाली यायला हवा. वेळ वाचवायला ड्रायर शंभरावर नेऊ नका, गरम हवेत नायलॉन पिवळे पडते. हॉपर मोठा घ्या, किंवा दुसऱ्या ड्रायरमध्ये आधी वाळवलेला माल थोडा थोडा टाका. साधा ड्रायर बाहेरचीच दमट हवा तापवून फिरवतो, म्हणून पावसाळ्यात तो अपुरा पडतो. कायमचा उपाय डीह्युमिडिफाइंग ड्रायर (हवेतला ओलावा आधी काढून घेणारा).

ब्लोअरचा फिल्टर आजच काढून बघा. तो भुकटीने बुजला की पॅनेलवर ८० दिसतात, पण तो आकडा हीटरजवळच्या हवेचा असतो, दाण्यांपर्यंत हवा पोचतच नाही. रनरचा चुरा उघड्या गोणीत रात्रभर पडला असेल तर तोही वाळवूनच मिसळा.

प्रश्न : पीव्हीसीचा जॉब संपवून त्याच मशीनवर पीओएम (ॲसिटल प्लास्टिक) लावायचे आहे. थेट चालेल का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : अजिबात नाही. पीव्हीसीतून सुटणारे आम्ल पीओएमचे झपाट्याने विघटन करते, फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो आणि बॅरलमध्ये दाब चढून माल नोझलमधून उसळतो. मध्ये एलडीपीई (पॉलिथिन) किंवा पीपीने (पॉलिप्रॉपिलीन) पर्ज करा, म्हणजे तो माल चालवून बॅरल साफ करा, पीव्हीसीचा अंश दिसेनासा होईपर्यंत. शंका उरली तर स्क्रू काढून साफ करा. स्क्रूच्या टोकावरच्या चेक रिंगमागे (माल मागे जाऊ न देणारी कडी) माल अडकून राहतो. उलट क्रमानेही हाच नियम.

डोळ्यांत झोंबणारा वास आला तर नोझलसमोरून बाजूला व्हा, इतरांनाही हटवा, हीटर बंद करा आणि दारे-पंखे उघडून हवा खेळती ठेवा. युनिट मागे घेऊन माल बाहेर काढणे धोक्याशिवाय जमत असेल तरच करा; निघालेला माल पाण्याच्या बादलीत टाका.