'फॅट बत्तीस मारणे' हे मराठी आहे का?

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेतल्या गुरुजींचा प्रश्न आहे. संगणकाच्या खोलीसाठी त्यांनी बेळगावातून 1 टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. तिच्यावरून संगणक सुरू करायचा होता. दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, हिला फॅट बत्तीस मारा, मगच बूट हुतंय." म्हणजे डिस्क 'फॅट 32' नावाच्या पद्धतीनं फॉरमॅट करा, मगच तिच्यावरून संगणक सुरू होतो. आता मुलांसाठी मराठीत सूचना लिहून भिंतीवर लावायची आहे. सहकारी म्हणतात, हे 'मारणे' म्हणजे कानडीतल्या 'होडे'ची नक्कल, शुद्ध मराठीत 'स्वरूपण करणे' लिहा. गुरुजी विचारतात, काय लिहू?

गुरुजी, 'मारणे' लिहा. निर्धास्त लिहा.

आधी कानडीचं पाहू, कारण आपल्या भागात हा संशय वारंवार येतो. कानडीत 'बण्ण होडे' म्हणजे रंग मारणे, 'सिळ्ळे होडे' म्हणजे शिट्टी मारणे. साम्य आहेच. पण कानडीत 'निद्दे होडे'ही म्हणतात, आणि आपण झोप मारत नाही, काढतो. उलट हाक मारणे, गप्पा मारणे हे ज्यांच्या कानावर कधी कानडी पडली नाही ते खानदेशातले, नागपूरकडचे लोकही बोलतात. 'फॉरमॅट मारला' पुण्यातही ऐकू येतं. दोन्ही भाषांनी 'ठोकणे' या अर्थाचं क्रियापद घेऊन ते ठोकण्यापलीकडच्या कामांना जुंपलं, इतकंच. बेळगाव-निपाणीच्या मराठीत कानडी वळणं पुष्कळ आहेत आणि मला ती प्रिय आहेत. पण जे आपलंच आहे ते दुसऱ्याच्या नावावर कशाला चढवायचं?

आता त्या मुलाच्या वाक्याची घडण बघा. 'हिला फॅट बत्तीस मारा.' मराठीतलं 'मारणे' दोन वेगळ्या घरांत राहतं. एक हालचालीचं आणि आवाजाचं: उडी, फेरी, हाक, शिट्टी. दुसरं लेप देण्याचं: भिंतीला चुना मारणे, दाराला पॉलिश मारणे, कागदावर शिक्का मारणे. या दुसऱ्या घरात ज्यावर लेप बसतो ती वस्तू वेगळी आणि लेप वेगळा असतो. लेपाचं नावही सांगता येतं. 'भिंतीला पिवळा मार' आणि 'डिस्कला फॅट बत्तीस मार' ही एकाच साच्यातली वाक्यं आहेत. 'डिस्क फॉरमॅट कर' या वाक्यात कोणता लेप ते सांगायला जागाच उरत नाही. 'स्वरूपण कर' तर आणखी मुकं आहे. चौथीतल्या मुलाला ते ऐकून काहीच डोळ्यासमोर येणार नाही, आणि सूचना तर त्याच्यासाठी आहे. पत्राचा किंवा अर्जाचा फॉरमॅट असेल तर 'नमुना' हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. पण तो नाम म्हणून. डिस्कवर काम करायचं तर क्रियापद लागतं.

आणि हे क्रियापद नुसतं सोयीचं नाही, ते खरं आहे. म्हणून माझा एवढा आग्रह.

फॅट म्हणजे फाइल ॲलोकेशन टेबल. याला मराठीत मला 'खतावणी' म्हणावंसं वाटतं. आडत दुकानात रोजकीर्दीत व्यवहार येतील तसे लिहितात आणि खतावणीत कुणाचा हिशेब कुठं आहे ते सापडतं. डिस्कची जागा लहान लहान वाफ्यांत पाडलेली असते, त्यांना क्लस्टर म्हणतात. एक फाइल अनेक वाफ्यांत विखुरलेली असू शकते. खतावणीत प्रत्येक वाफ्यासमोर पुढचा वाफा कोणता त्याचा आकडा असतो. त्या साखळीच्या मागं मागं गेलं की फाइल पूर्ण मिळते. आपण 'क्विक फॉरमॅट' देतो तेव्हा ही खतावणी कोरी होते. वाफ्यांतलं पीक तसंच उभं असतं. नव्या रंगाखाली जुना रंग राहतो तसं. आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या मुलाच्या लग्नाचे फोटो असलेल्या डिस्कला कुणीतरी चुकून नवा फॉरमॅट मारला होता. त्यानंतर तिच्यावर काहीच लिहिलं गेलं नव्हतं, म्हणून बहुतेक फोटो परत काढता आले. 'डिस्क पुसली' असं म्हणून मावशी दोन दिवस जेवल्या नव्हत्या. 'रंग मारलाय, खाली जुनं आहे' असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी डिस्क बाजूला ठेवून धीर धरला असता. (एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क; तिच्या बाबतीत हा भरवसा धरू नये. तिथं मोकळे झालेले वाफे डिस्क स्वतःच साफ करत असते.)

पूर्ण फॉरमॅट वेगळा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये साऱ्या जागेवर शून्यं लिहिली जातात. त्याला रंगाऱ्यांचा शब्द आहे: खरवडून मारणे. भिंतीचे पापुद्रे खरवडून मगच रंग. सूचनेत हे दोन शब्द वेगळे ठेवा, मुलांना फरक लगेच कळेल.

आता 'बत्तीस'. दुकानात असंही सांगतात की फॅट बत्तीस म्हणजे 32 जीबीपर्यंतच चालणारा फॉरमॅट, मोठ्या डिस्कला तो बसत नाही. हा शब्दाच्या ध्वनीवरून लावलेला अर्थ आहे आणि तो चुकीचा आहे. नावातला 32 हा खतावणीतल्या प्रत्येक नोंदीच्या रुंदीचा आकडा आहे, 32 बिट. त्यातलेही वाफ्याच्या क्रमांकासाठी 28 च वापरतात. 1996 मध्ये विंडोज 95 च्या सुधारित आवृत्तीबरोबर हा फॉरमॅट आला. 512 बाइटच्या सेक्टरवर तो 2 टीबीपर्यंत पोचतो. मग 32 जीबी कुठून आलं? विंडोज 2000 पासून विंडोजचं स्वतःचं फॉरमॅट करण्याचं साधन त्याहून मोठ्या जागेला फॅट बत्तीस मारायला बरीच वर्षं नकार देत आलं. दुसऱ्या साधनानं मारलेली मोठी डिस्क मात्र तेच विंडोज बिनतक्रार वाचतं. म्हणजे अडचण रंगाची नव्हती, ब्रशची होती. दोन्हीकडं आकडा 32 आला हा योगायोग, पण त्यानं किती लोकांचा गोंधळ केला!

खरी मर्यादा दुसरीच आहे. फॅट बत्तीसमध्ये 4 जीबीची किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही. विंडोज बसवण्याच्या संचातली मुख्य फाइल पुष्कळदा त्याहून मोठी असते, तेव्हा तिचे तुकडे करावे लागतात. शिवाय मोठ्या जागेला हा फॉरमॅट मारला की वाफे मोठे पडतात, सहसा 32 केबीचे. एक केबीची चिठ्ठी ठेवली तरी अख्खा वाफा अडतो.

मग जुनाच फॉरमॅट का हवा? आजच्या संगणकांत चालू होताना विंडोजच्याही आधी यूईएफआय जागं होतं, म्हणजे संगणकातच बसवलेली, त्याला सुरू करून देणारी छोटी प्रणाली. फॅट वाचता येणं त्याच्या नियमांतच आहे, एनटीएफएस हा विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट वाचता येणं नाही. 'बूट' हा शब्दही इथलाच. बुटाच्या मागच्या पट्टीला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. तीच धरून स्वतःला वर उचलायचं, ही त्यामागची कल्पना. म्हणजे आपल्या पायातला बूट आणि हा बूट एकच शब्द. त्याला 'सुरू होणे' पुरतं, पण मुलांना 'बूट'ही राहू द्या, यंत्राच्या पडद्यावर तोच दिसणार आहे.

एक शब्द मात्र बदला. तुमच्या मसुद्यात पार्टिशनला 'फाळणी' आहे. 1956 साली चंदगड तिकडं मुंबई राज्यात आणि बेळगाव इकडं म्हैसूर राज्यात गेलेल्या या भागात तो शब्द डिस्कसाठी लिहवत नाही. शेताच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबरापुढं असतो तो 'हिस्सा' घ्या. तो दोन्ही भाषांत चालतो, तुमच्या वर्गातल्या कानडी घरच्या मुलांनाही सांगावा लागणार नाही.

भिंतीवर मी असं लिहीन:

"डिस्कमधलं सगळं आधी दुसरीकडं उतरवून घ्या. डिस्कचे दोन हिस्से पाडा. 16 जीबीच्या पहिल्या हिस्स्याला फॅट 32 मारा, संगणक सुरू करायच्या फाइली त्यात उतरवा, मग संगणक त्यावरून बूट होईल. उरलेल्या हिस्स्याला एनटीएफएस मारा, मोठ्या फाइली तिथं ठेवा. कुठल्या डिस्कला मारताय ते नाव आणि आकार वाचून दोनदा बघा. चुकून मारलंच तर तिच्यावर काही लिहू नका, डिस्क काढून सरांकडं द्या."