चार मिलिमीटरची चीर

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण 74 टक्के. फाइन आर्ट्सच्या एका प्रदर्शनाला मैत्रिणीबरोबर मदत करायला गेली आणि तिथलीच झाली. रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत गॅलरीत असते आणि आता म्हणते, काम करीन तर यातच. वडिलांना हवी आहे बँक. ‘हिला साधा आंबा काढता येत नाही, कलेत काय करिअर करणार? तुम्ही समजवा.’ पुरावा म्हणून तिच्या वहीतल्या एका पानाचा फोटो जोडला आहे.

नमस्कार. गुणांचं नंतर बघू. तुम्ही तिच्या स्कूटीची किल्ली काढून घेतलीत, ते घरातलं भांडण म्हणून सोडून देता येईल. पण तुम्ही गॅलरीत जाऊन तिथल्या प्राध्यापकांना सांगून आलात, की हिला उद्यापासून काम देऊ नका. एकवीस वर्षांच्या मुलीबद्दल, तिच्या माघारी. पत्रात हे एका ओळीत आलंय, जणू दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी टाकायला सांगितलं. त्या माणसांसमोर आता तिनं कोणत्या तोंडानं जायचं? उद्या ती बँकेत लागली आणि बदलीचं गाव तुम्हाला पटलं नाही, तर मॅनेजरकडेही जाणार का?

मला पत्र तिनं लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंय. तेव्हा समजवायचं तर तुम्हालाच.

तो फोटो मी मोठा करून पाहिला. ‘क्र. 7. कागदावर जलरंग. उजव्या कडेला, खालून 11 सें.मी.वर, 4 मि.मी. चीर. आल्यापासून.’ शेजारी छोटी आकृती, तिच्यात बाण. खाली तुमचा शेरा : ‘असलं लिहीत बसते.’ अहो, यातला ‘आल्यापासून’ हा शब्द लाखाचा आहे! प्रदर्शनातली चित्रं बऱ्याचदा गॅलरीच्या मालकीची नसतात. चित्रकाराकडून, संग्राहकाकडून ठरावीक मुदतीसाठी आणलेली असतात. पेटी उघडली की प्रत्येक चित्र तिरप्या उजेडात पाहायचं, डाग-चीर-बुरशी टिपायची, फोटो काढायचे. परत पाठवताना तीच नोंद पुन्हा ताडून पाहायची. गोदामात माल उतरवताना फुटकं खोकं दिसलं तर चलनावर शेरा मारतात, तसंच. ही नोंद नसेल तर चीर कुणाच्या हातून पडली यावर मालक, वाहतूकवाला आणि विमा कंपनी भांडत बसतात.

आता आंब्याचं. गॅलरीत काम करायला चित्र काढता यावं लागतं, हा समज फार जुना आणि साफ चुकीचा. चित्र काढणारा काढून मोकळा झालेला असतो, त्यानंतरचं काम हिचं. कलाकृतींची यादी, करारपत्रं, विमा, टेम्पो, हॉलचा नकाशा, कुठल्या चित्राशेजारी कुठलं शोभेल आणि कुठलं एकमेकांना मारेल. चौकटीचा मध्य साधारण 57 ते 60 इंचांवर ठेवतात, म्हणजे पावणेपाच ते पाच फूट. खिळ्याची जागा काढायची तर त्यात चौकटीची निम्मी उंची मिळवायची आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जितकी खाली राहते तितकं वजा करायचं. यात चित्रकला कुठे आली? ‘इलेक्ट्रिशियनशी अर्धा तास हुज्जत घातली’ अशी तुमची तक्रार आहे. बरोबर घातली. जलरंगाला 50 लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड द्यायचा असतो, तैलरंगाला 200पर्यंत चालतो. उडालेला रंग परत येत नाही. शिवाय आजची प्रदर्शनं नुसत्या चौकटींची नसतात. एका खोलीतल्या व्हिडिओचा आवाज दुसरीत झिरपतो, मांडणशिल्पाचं वजन जमिनीला पेलेल का ते बघावं लागतं. आणि हे सगळं उद्घाटनाला चहा पिणाऱ्यांना अजिबात दिसत नाही.

2007ची आठवण तुम्ही काढलीत. त्या वर्षी याच फॅकल्टीत परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवर बाहेरच्यांनी आक्षेप घेतला, एका विद्यार्थ्याला अटक झाली, प्रभारी डीन निलंबित झाले. तुमची भीती खोटी नाही. पण त्या भीतीपोटी शहराचा तो भाग मुलीसाठी बंद करणार असाल, तर मी तुमच्या बाजूचा नाही. आपल्या चित्रकार ना. श्री. बेंद्रेंनी 1950पासून 1966पर्यंत तिथेच शिकवलं, हेही बडोद्याच्या मराठी घरात आठवायला हरकत नाही.

बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षा देऊ दे, फॉर्म भरल्यानं काही अडत नाही.

मुलीलाही एक सांगा, किंवा हे पत्रच तिच्या हाती द्या. ‘क्युरेटर’, म्हणजे प्रदर्शनात काय आणि कसं मांडायचं ते ठरवणारा, या शब्दाच्या मोहात पडू नकोस. त्या जागा मोजक्या, सुरुवातीचा पगार बेताचा, आणि ओळखीपाळखी चालतात. तुझं पान पाहून मला वाटतं तू रजिस्ट्रार होशील. विद्यापीठाचे कुलसचिव नव्हेत. संग्रहालयात कलाकृतींची ये-जा, करार, विमा आणि नोंदी ज्याच्या हातात असतात तो माणूस. तिथे बी.कॉम. वाया जात नाही, उलट कामी येतं. त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठायचीही घाई नको. म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग तुझ्याच विद्यापीठात, त्याच फाइन आर्ट्समध्ये आहे, 1952पासून, आणि या विषयाचा देशातला तो पहिला. पात्रता आणि तारखा विभागात जाऊन विचार, कुणाच्या तोंडच्या माहितीवर विसंबू नकोस.

आता तुमचं काम, वडिलांचं. त्या प्राध्यापकांना परत भेटा आणि आपलं बोलणं मागे घ्या. मुलीला सांगून जा. किल्लीही द्या, कारण प्रदर्शन शनिवारी उतरतंय असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या फोटोत त्या पानाचा उजवा रकाना कोरा दिसतोय. वर ‘परत पाठवताना’ असं लिहिलंय.