थँक्सगिव्हिंगसाठी रताळ्याचं पारंपरिक कॅसरोल कसं करायचं? मार्शमेलो घालायचे की पिकॅन?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत येऊन वर्षच झालंय, ऑफिसातल्या मैत्रिणीने थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलंय आणि रताळ्याचं कॅसरोल, म्हणजे कुस्करून ओव्हनमध्ये भाजलेलं रताळं, तुमच्या वाट्याला आलंय. डब्यातली (कॅन्ड) रताळी चालतील का, आणि वर मार्शमेलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) की पिकॅन (अक्रोडासारखा सुकामेवा), एवढाच तुमचा प्रश्न. ताजी रताळी घ्या, पिकॅन घाला. इथेच थांबले असते, पण माझ्याआधी एकांनी उत्तर दिलंय की मार्शमेलोशिवाय ते ट्रॅडिशनल होतच नाही. हे वाक्य मी 2011 साली न्यू जर्सीत, एडिसनच्या एका स्वयंपाकघरात ऐकलंय, शब्दन् शब्द हेच.

मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहते. अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी आमच्या राज्यात पिकतात, 1971 पासून पहिला नंबर सोडलेला नाही. ऑक्टोबरात जॉन्स्टन काउंटीकडे गाडी काढलीत तर रेताड शेतांत काढणी चाललेली दिसते. आमच्या शेजारच्या आजींचं माहेर त्याच बाजूचं. रताळं कसं भाजायचं ते मी त्यांच्याकडून शिकले. पहिलाच नियम: उकडायचं नाही. उकडलेलं रताळं पाणी धरतं आणि मग कॅसरोलच्या कडेने ते पाणी सुटत राहतं. धुवा, काट्याने टोचा, ट्रेवर फॉइल पसरून त्यावर ठेवा आणि 375 फॅरनहाइटला सव्वा तास विसरून जा. साल सुरकुतते, आतून सुटते, आणि टोचलेल्या भोकांतून काळपट पाक गळून फॉइलवर चिकटतो. बोटाला लावून बघा, काकवीच लागते. तो पाक दिसेपर्यंत बाहेर काढायचं नाही. रताळं सावकाश तापलं की साधारण 60 ते 75 अंश सेल्सियसच्या टप्प्यात त्यातला एन्झाइम पिष्टाची साखर करतो. मायक्रोवेव्हमध्ये हा टप्पा चुटकीसरशी निघून जातो, म्हणून ते रताळं मऊ होतं पण गोड होत नाही.

तर 2011. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि थँक्सगिव्हिंग थोरल्या जावेकडे ठरलं, न्यू जर्सीला. वहिनी माझ्या बारा वर्षं आधी इकडे आलेल्या, त्यामुळे अमेरिकेबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा. कोणी काय आणायचं ते त्यांनीच फोनवर वाटून दिलं. टर्की भाऊजी करणार, क्रॅनबेरी आणि पाय बाहेरून, रताळं माझ्याकडे.

आता गंमत बघा. थँक्सगिव्हिंग येतं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, न चुकता गुरुवारी. आणि सासूबाईंचा दत्ताचा गुरुवार! चाळीस वर्षांत मोडलेला नाही, टर्कीसाठी तर मोडणारच नव्हत्या. टेबलभर पदार्थ मांडणार आणि त्यातलं त्यांना चालणारं एकच, माझं रताळं. (उपासाच्या ताटाकडे कधी नीट बघितलंय? बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कसावा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगिजांच्या काळात आणि नंतर आपल्याकडे आलेलं. त्या दिवशी त्या टेबलावर सगळ्यात अस्सल अमेरिकन जेवण सासूबाईच जेवल्या असत्या.)

मी दोन भांडी केली. एक सगळ्यांचं, अंडी-मैदा घालून. दुसरं सासूबाईंचं: अंडी नाहीत, व्हॅनिला नाही कारण त्यात अल्कोहोल असतं, नुसतं दूध, लोणी, थोडी साखर आणि जायफळ. वरच्या पिकॅनच्या थराला मैदा लागतो, तो उपासाला चालणार नाही, म्हणून राजगिऱ्याच्या पिठाची पुडी घरून बांधून नेली होती. बुधवारी सकाळी निघालो. आठ तासांचा रस्ता आय-95 महामार्गाच्या गर्दीत अकरा तासांचा झाला, दोन्ही भांडी कूलरमध्ये माझ्या पायाशी.

गुरुवारी दुपारी मी पुडी सोडली आणि वहिनी हसल्या. "थँक्सगिव्हिंगला राजगिरा? अगं, मैदा नको ना? मग मार्शमेलो घाल. ती नुसती साखर असते. आणि मार्शमेलोशिवाय हे ट्रॅडिशनल होतच नाही." मी म्हटलं, "वहिनी, नक्की ना? आईंना चालतील ना?" तर म्हणाल्या, "मी इतकी वर्षं आणतेय, मला माहीत नाही का?" कपाटातून पिशवी त्यांनीच काढली, त्यांनीच कात्रीने कापली, मार्शमेलो वाडग्यात ओतले आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली. हा क्रम लक्षात ठेवा.

मार्शमेलो ओव्हनमध्ये बघण्यासारखे असतात, हे कबूल. आधी काहीच होत नाही, मग अचानक फुगायला लागतात, एकमेकांना चिकटतात, माथ्यावर बदामी, मग तपकिरी. अर्धं मिनिट नजर हटली की काळे. काढल्यावर वर कुरकुरीत पापुद्रा आणि खाली तार सुटणारा चिकट फेस. सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं. "हे वरचं पांढरं काय आहे गं? बत्ताशासारखं लागतंय," म्हणाल्या.

जेवणं झाली, त्या बाहेर सोफ्यावर लवंडल्या, आणि वहिनींचा मुलगा, तेव्हा सातवीत, कचरा बाहेर न्यायला आला. पिशवीवरचं वाचायची त्याला खोड होती. "काकू, यात जिलेटिन आहे. जिलेटिन म्हणजे पिग ना? आजी तर व्हेजिटेरियन आहे."

जिलेटिन हे जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात, आणि इकडच्या नेहमीच्या मार्शमेलोत ते बहुतेक डुकराचं असतं. आज हे कोणालाही माहीत असेल. तेव्हा मला नव्हतं. आपल्याला सवय पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायची, आणि इकडे असा सक्तीचा ठिपकाच नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते, ती आपली आपण वाचायची. मी हातात घासणी घेऊन तशीच उभी. आणि वहिनी काय म्हणाल्या असतील? "डिश तुझी होती. पिशवी तू वाचायला हवी होतीस."

आम्ही सासूबाईंना सांगितलं नाही. भाऊजींनी ठरवलं, सगळ्यांनी मान डोलावली. पण घरात त्याला "धाकटीच्या रताळ्याचं प्रकरण" हे नाव पडलं ते कायमचं. 2015 ला सासूबाई पुन्हा आल्या, तेव्हा माझ्या घरी मी मुद्दाम राजगिरा आणि पिकॅन घालून केलं, मन लावून. त्यांनी खाल्लं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण थोरलीकडे झालं होतं ना, ते जास्त छान होतं." म्हणजे डुक्कर माझ्या नावावर आणि चव वहिनींच्या! सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, म्हणून आज उघडपणे लिहितेय.

आता त्या "ट्रॅडिशनल"बद्दल. लोक समजतात मार्शमेलो थेट पिलग्रिम यात्रेकरूंच्या, म्हणजे इकडे सुरुवातीला येऊन वसलेल्या इंग्रजांच्या, जहाजातून उतरले. 1917 साली एका मार्शमेलो कंपनीने आपला माल घरोघरच्या स्वयंपाकात शिरावा म्हणून जॅनेट मॅकेन्झी हिल या पाककलेच्या नावाजलेल्या लेखिकेकडून कृतींची पुस्तिका करून घेतली. त्यात कुस्करलेल्या रताळ्यावर मार्शमेलो घालून भाजायची कृती होती, तिथून हे पसरलं. जाहिरात होती ती. पिकॅन मात्र या खंडातलंच झाड आहे, दक्षिणेत लोकांच्या परसात असतं. हे सगळं मी वहिनींना लिहून पाठवलं होतं. त्यांनी अंगठा पाठवला.

बरं, कृती. तीन पाउंड रताळी, केशरी गराची. दुकानात "यॅम" लिहिलेलं असलं तरी ते रताळंच असतं, खरा यॅम आपल्या कोनफळाच्या कुळातला. इंडियन दुकानातली लाल सालीची, पांढऱ्या गराची घेऊ नका, ती कोरडी होतात, कीस करायला ठेवा. घरी आणून फ्रीजमध्येही ठेवू नका, आतून कडक होतात. वर सांगितलं तशी भाजा, गर काढा, हातानेच कुस्करा, मिक्सर लावलात तर खळ होते. त्यात अर्धी स्टिक (म्हणजे पाव कप) वितळलेलं लोणी, अर्धा कप दूध, दोन अंडी, पाव कप ब्राउन शुगर, अर्धा चमचा मीठ, एक चमचा व्हॅनिला, थोडी दालचिनी, जायफळ. इंटरनेटवर एक कप साखर लिहितात, ती डब्यातली उकडलेली रताळी वापरणाऱ्यांसाठी असावी. डब्यातली आधीच पाकात असतात, मऊ गिळगिळीत, त्यांना स्वतःची चव उरलेली नसते. वर पसरायला एक कप जाडसर पिकॅन, अर्धा कप ब्राउन शुगर, 1/3 कप मैदा आणि अर्धी स्टिक लोणी, बोटांनी चुरून. 350 फॅरनहाइटला 35 ते 40 मिनिटं. वेलची घालू नका. मला वेलची आवडते, पण इथे घातली की शिऱ्याचा वास येतो आणि मग लोक विचारत बसतात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पिकॅन म्हणजे नट, तेव्हा मैत्रिणीला विचारून घ्या तिच्याकडे कोणाला अ‍ॅलर्जी आहे का. लहान मुलं असतील तर मार्शमेलोचं पारडं जड, हे मान्य. जिलेटिन नसलेले व्हीगन मार्शमेलो आता मिळतात, वितळतात कमी पण रंग धरतात. कोशर (ज्यू धर्मनियमांना चालणारे) किंवा हलाल लिहिलेले म्हणजे शाकाहारी नव्हेत, त्यात मासळीचं किंवा गाईबैलांचं जिलेटिन असतं. अंडी नको असतील तर नुसती वगळा, कॅसरोल थोडं सैल होतं, दूध पाव कपच घाला. आणि अगदी खरं सांगायचं तर शेजारच्या आजी स्वतः मार्शमेलोच घालायच्या, त्यांच्या आईच्या वेळेपासून. मी त्यांना 1917 ची गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "हनी, 1917 म्हणजे माझ्याही जन्माच्या आधीचं." तुमच्या मैत्रिणीच्या घरी काय घालतात ते विचारा, म्हणजे निदान तुमच्यावर तरी नाव येणार नाही.

शेवटचं, तिच्या घरचा ओव्हन टर्कीने अडलेला असणार, तेव्हा घरूनच पूर्ण भाजून न्या, भांडं जाड टॉवेलमध्ये गुंडाळा, तासभर गरम राहतं. 9 बाय 13 इंचांचं काचेचं भांडं घ्या आणि बुडाला टेप लावून आपलं नाव लिहा. माझं एक, निळ्या झाकणाचं, 2011 पासून एडिसनलाच आहे. दर वेळी वहिनी म्हणतात, "अगं हो, शोधून ठेवते."